जात्यावरची ओवी आणि दिवटीचा उजेड

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या समारोपाला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज आपला वर्ग पुरा झाला. पाटीवर पहिला 'ग' काढताना ज्यांचा हात थरथरत होता, ते आज एसटीची पाटी वाचतात. सातबारा हातात घेऊन आपले नाव कुठे आहे ते बोटाने दाखवतात. बँकेत अंगठा न लावता सही करतात. याचा मला फार आनंद होतो.

मला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. मी काही मोठा वक्ता नाही. मॅट्रिक झालो, मास्तरकीचे शिक्षण घेतले आणि छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक होतो. तेव्हा माझे बोलणे थोडे शाळामास्तरी होईल. सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. मी वर्गात म्हणालो, "आज प्रत्येकाने आपल्याजवळ काय काय आहे ते लिहा." कोणी लिहिले, दोन बैल. कोणी लिहिले, शिलाई मशीन. मागे बसलेल्या एका आजींची पाटी कोरीच. मी विचारले, "आजी, का हो?" त्या म्हणाल्या, "आमच्यापाशी काय आसनार गुरुजी? आमी अडाणी मानसं."

मी म्हणालो, "आजी, जात्यावर बसलात तर ओव्या किती येतील?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "किती म्हंजी? पायलीभर दळून सरंल, पर ओव्या सरायच्या न्हाईत."

आता तुम्हीच सांगा, ज्या बाईच्या पोटात इतकी गाणी आहेत ती अडाणी कशी? तिला अक्षर येत नव्हते, एवढेच. आज तेही येते. म्हणून आज मी तुमच्याशी आपल्या गाण्यांबद्दल बोलणार आहे. जात्यावरच्या ओवीबद्दल, आणि दिवटीच्या उजेडात रात्र जागवणाऱ्या गोंधळ-जागरणाबद्दल.

जाते आणि ओवी

आपले शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके. मधून भीमा वाहते. शिरूरच्या वरच्या अंगाला घोड नदी. नद्या आहेत, पण पाऊस कमी. कालव्याचे पाणी येण्याआधी आपले पीक म्हणजे बाजरी आणि ज्वारी. बाजरीच्या पिठाचा गुण तुम्हाला ठाऊक आहे. थोडे दिवस ठेवले की कडू होते. म्हणून बाजरी ताजी ताजी दळावी लागे. घरात माणसे दहा, भाकरी दोन वेळच्या. म्हणजे दळण रोजचेच.

शुक्राची चांदणी उगवली की बाया उठत. कोनाड्यात रॉकेलची चिमणी मिणमिणत असे. सासू आणि सून, नाहीतर दोघी जावा, जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत. खुंट्यावर दोघींचे हात. मूठ मूठ दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे आणि जाते ओढायचे. खांदे भरून येत. डोळ्यांवर झोप असे. अशा वेळी ओवी हाच आधार.

ओवीची रीत अगदी सोपी. आपल्याकडे ती बहुतेक दोन ओळींची. एकीने ओळ धरायची, दुसरीने ती उचलायची. जात्याचा फेरा हाच ताल. शब्द कमी पडला तर मध्ये 'गं' आणि 'बाई' घालून ओळ फेऱ्यात बसवायची. कोणी शिकवले नाही, कोणी पुस्तक दिले नाही. आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेल्या पोरीच्या कानात ती आपोआप शिरली.

आणि ओवीत काय नाही? माहेर आहे. भाऊ आहे, त्याची वाट बघणे आहे. पंढरीची वाट आहे. रामायणातली सीता आहे. आमच्या बाया सीतेची गोष्ट सांगतात तेव्हा रामाला दोन शब्द सुनवायला भीत नाहीत. पावसाची वाट आहे, सावकाराचे देणे आहे, सासूचा जाच आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांवरच्याही पुष्कळ ओव्या आहेत. त्या कोणा पंडिताने रचल्या नाहीत. ज्या बायांना बाबासाहेबांमुळे माणसासारखे जगता आले, त्यांनी त्या दळता दळता जोडल्या.

एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या वेळी पुरुषमाणसे झोपेत असत. जात्याची घरघर चालू असे. त्या आवाजाच्या आड बाईला मनातले बोलता येई. दिवसा जे तोंडातून काढायची सोय नव्हती, ते ती जात्याला सांगे. संत जनाबाई दळायला बसली की विठोबा येऊन जात्याला हात लावी, अशी कथा आपण ऐकतो. त्या कथेचा अर्थ मी असा लावतो: दळणाऱ्या बाईचे ऐकायला तेव्हा दुसरे कोणी नव्हते.

पुढे गावात पिठाची गिरणी आली. बायांचे रोजचे दोन-तीन तास वाचले. खांदे दुखायचे थांबले. पोरींना शाळेत जायला सवड मिळाली. जाते गेले याचे मला दुःख नाही. ज्याने जाते ओढले नाही त्यानेच त्यासाठी रडावे! मोटेचेही तसेच. विहिरीवर मोट चाले, तेव्हा मोटकरी बैल मागेपुढे नेताना गाणे म्हणत असे. इंजिन आले, विजेची मोटार आली, मोट गेली. बैलांचे हाल थांबले, हे बरेच झाले.

पण जात्याबरोबर ओवी का जावी? मोटेबरोबर गाणे का बुडावे? गाणे काही ओढायला जड नव्हते.

दिवटी आणि संबळ

ओवी पहाटेची. आता रात्रीकडे वळू.

माझ्या लहानपणी आमच्या वस्तीवर वीज नव्हती. दिवस मावळला की अंधार. त्या अंधारात एखाद्या रात्री दूरवरून संबळ ऐकू यायचे, आणि अंगणात दिवटी पेटलेली दिसायची. आम्ही पोरे अंगावर घोंगडी घेऊन पळत सुटायचो. कोणाच्या तरी घरी लग्नानंतरचा गोंधळ असायचा.

गोंधळ तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. पण त्याची मांडणी नीट बघितली आहे का? पाटावर नाहीतर चौरंगावर नवे कापड अंथरतात. त्यावर धान्याचा चौक भरतात. कलश ठेवतात, नारळ ठेवतात, विड्याची पाने मांडतात. गोंधळ्याच्या गळ्यात कवड्यांची माळ, अंगात घोळदार झगा. एकाच्या कमरेला संबळ, एकाच्या हातात तुणतुणे, एकाच्या हातात झांज. आणि एकाच्या हातात दिवटी. दिवटी म्हणजे हातात धरायची मशाल. तिच्यावर बुधलीतून तेल घालत राहायचे, म्हणजे रात्रभर ती विझत नाही.

आधी देवदेवतांना गोंधळाला बोलावतात. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. मग गावोगावच्या देवी. आपल्या दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या फिरंगाईचे नावही त्यात येते, कवठ्याच्या येमाईचेही येते. मला भूगोल शाळेत कळला त्याच्या आधी गोंधळ्याने शिकवला होता. कुठला देव कुठल्या गावचा, हे ऐकता ऐकता पाठ व्हायचे.

मग आख्यान लागते. मुख्य गोंधळी कथा सांगतो, साथीदार मध्येच भोळे प्रश्न विचारतो. लोक हसतात. हसता हसता कथा पुढे सरकते. हरिश्चंद्राची कथा ऐन रंगात आली की दिवटीच्या उजेडात बायांचे डोळे चमकताना दिसायचे. पहाटे दिवटीने आरती व्हायची, आणि आम्ही पेंगत घरी यायचो.

खंडोबाचे जागरणही असेच. जेजुरी आपल्याला जवळ. दौंड तालुक्याच्या अगदी शेजारी, पुरंदर तालुक्यात. म्हणून आपल्या घराघरात खंडोबा. पाच उसांचा मांडव उभा करायचा, देव मांडायचा, भंडारा उधळायचा. वाघ्या दिमडी वाजवतो, मुरळी घोळ वाजवते, तुणतुणे साथ देते. खंडोबा, म्हाळसा आणि बाणाई यांची कथा रात्रभर चालते. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. देवाच्या घरातसुद्धा सवतींचे भांडण! ऐकणाऱ्या बायांना ती कथा आपलीच वाटते.

चारशे वर्षांहून अधिक काळापूर्वी पैठणच्या एकनाथ महाराजांनी हे सगळे पाहिले. गोंधळी, वाघ्या, वासुदेव यांची सोंगे घेऊन त्यांनी भारुडे रचली. एवढ्या मोठ्या पंडिताने ज्ञान सांगायला लोकांचेच गाणे उचलले. ते गाणे हलके असते तर त्यांनी ते हातात धरले असते का?

गॅसबत्तीखालचा तमाशा

तमाशाचे नाव काढले की काही सभ्य मंडळी मान खाली घालतात. मी घालणार नाही. आपल्या शिरूर तालुक्यातले कवठे येमाई हे गाव तमाशाच्या मंडळींनी नावाजलेले. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. त्यांनी लावण्या लिहिल्या, गणगौळणी लिहिल्या, वग लिहिले, आणि ते अनेक फडांनी गावोगाव वाजवले. महाराष्ट्र शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ साली ते वारले. जन्माने मुसलमान असलेल्या माणसाने गणपतीचा गण लिहावा, आणि सगळ्या गावाने तो डोक्यावर घ्यावा, ही आपल्या मातीची रीत आहे. दौंड तालुक्यातले चौफुला हे गावही संगीतबारीच्या थिएटरांमुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

जुन्या काळी तमाशा मशालींच्या उजेडात होई. मशालजी दोन बाजूंना उभे राहत. नंतर गॅसबत्ती आली. यात्रेत बांबूला टांगलेली गॅसबत्ती मला अजून आठवते. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, आणि शेवटी वग. वग रंगात आला की नेमकी बत्ती पिवळी पडायची. मग एक जण ती खाली काढून फस् फस् पंप मारायचा. तोवर सोंगाड्या अंधारातच लोकांना हसवत ठेवायचा. उजेड परत आला की राजा पुन्हा राजा व्हायचा.

१९७२ चा दुष्काळ आपल्या दोन्ही तालुक्यांना विसरता येत नाही. तेव्हा मी शाळेत होतो. गाव सारे खडी फोडायच्या कामावर. दिवसभर खडी फोडणाऱ्या बायांना मी संध्याकाळी गाताना ऐकले आहे. पोटात मिलो ज्वारीची भाकरी, आणि तोंडात ओवी. गाणे ही पोट भरल्यावरची चैन आहे असे मला कोणी सांगितले, तर त्या बाया माझ्या डोळ्यांपुढे येतात.

काय राखायचे, काय सोडायचे

आता एक कडू गोष्ट सांगतो. जुने ते सगळे सोने नव्हे.

मुरळी म्हणजे कोण? नवस फेडायला आईबापांनी खंडोबाला वाहिलेली पोर. तिला विचारले कोणी? तिला संसार नाही, घर नाही. देवाच्या नावावर तिचे आयुष्य माणसांनी नासवले. ही चाल बंद व्हावी म्हणून मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला. महाराष्ट्र शासनाने २००५ चा अधिक कडक कायदा केला. पोर देवाला वाहणे हा आज गुन्हा आहे. जागरणाचे गाणे राखा, पण त्यासाठी कोणाच्या पोरीचा बळी नको.

दुसरी गोष्ट जातीची. संबळ कोणी वाजवले, ढोलकी कोणी घुमवली, मशाल कोणी धरली? बहुतेक गरिबांनी, आणि ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले त्यांनी. रात्री ज्यांच्या ढोलकीवर गावाने मान डोलावली, त्यांना सकाळी वरून पाणी वाढले. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. तरी शेवटचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. २००२ साली त्या गेल्या. गाण्याला टाळ्या आणि गाणाऱ्याला उपास, हे आपल्याला शोभत नाही. गोंधळ घातला तर गोंधळ्याला पंक्तीत आपल्या शेजारी बसवा. बिदागी ठरवताना घासाघीस करू नका. मंडपाच्या आणि डीजेच्या खर्चात आपण ती करतो का?

माझी चूक

आता मी माझ्याबद्दल सांगतो. हे सांगायला मला जड जाते.

मी चौथीच्या वर्गाला शिकवत होतो. मुलांना म्हणालो, "घरी ऐकलेले एखादे गाणे लिहून आणा." एका मुलीने तिच्या आजीच्या ओव्या लिहून आणल्या. चांगले दोन पाने भरून. त्यात 'व्हता', 'न्हाई', 'आलंया' असे शब्द होते. मी लाल शाई घेतली आणि एकेका शब्दाखाली रेघ ओढली. खाली शेरा लिहिला, 'भाषा अशुद्ध'. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिने ती दोन्ही पाने फाडून टाकली होती. मला तेव्हा त्याचे काही वाटले नाही. उलट मी शिक्षकाचे काम चोख केले असे वाटले.

माझी आई ओव्या म्हणायची. गिरणी आल्यावरसुद्धा सणाला पुरणाची डाळ दळायला, हळद दळायला ती जात्यावर बसायची. मी शेजारी बसून मुलांच्या वह्या तपासायचो. चाळीस वर्षे माझ्या हातात लेखणी होती. चाळीस वर्षे आई माझ्या पुढ्यात गात होती. एक ओळ मी उतरवून घेतली नाही. वाटायचे, आई काय कुठे जाते?

२००९ साली आई गेली. बाराव्याला माझी बहीण म्हणाली, "दादा, आईच्या ओव्या लिहून काढू." आम्ही दोघे रात्री वही घेऊन बसलो. तिला थोड्या आठवल्या, मला थोड्या. पहाटेपर्यंत अकरा ओव्या झाल्या. त्यातल्या चारांची दुसरी ओळ दोघांनाही आठवेना. आईला त्या शेकड्यांनी येत होत्या. त्या तिच्याबरोबर गेल्या.

त्या रात्री मला त्या मुलीची दोन पाने आठवली. लाल रेघा ज्या शब्दांखाली ओढल्या, तेच शब्द मी आता आईच्या तोंडचे म्हणून शोधत होतो.

लिहून ठेवले तर काय होते

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी तुम्हाला माहीत आहेत. जन्म १८८० चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करता करता, दळता दळता त्या गाणी रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातले लोक ती कागदावर उतरवायचे. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. १९५२ साली पुस्तक निघाले. आज शाळेतले प्रत्येक पोर त्यांची कविता शिकते. विचार करा, मुलाने ते लिहून घेतले नसते तर? खानदेशातली एक शेतकरीण गेली, एवढीच गावाला खबर झाली असती. साने गुरुजींनीही बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केले.

दुसरी गोष्ट आपल्या पुणे जिल्ह्याची. गी पोयटवँ नावाचे एक फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन राहिले. हेमा राईरकर या त्यांच्या सहकारी. मुळशीच्या डोंगराळ भागातल्या गरीब बायांबरोबर काम करताना या दोघांच्या ध्यानात आले की बायांचे खरे बोलणे ओवीत आहे. मग त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ओव्या उतरवायला सुरुवात केली. मुळशी, मावळ, आपला शिरूर, आणि पुढे महाराष्ट्रात दूरवर. हजाराहून अधिक गावे झाली. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुष्कळ गाणी बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. पोयटवँ २००४ साली वारले, हेमाताई २०१० साली. २०१७ सालापासून 'पारी' नावाची संस्था ही गाणी इंटरनेटवर लोकांपुढे ठेवत आहे. तुमच्या नातवाच्या मोबाइलवर ती ऐकता येतात. प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे. ज्या बाईचे नाव रेशनकार्डाशिवाय कुठे लिहिले गेले नव्हते, तिचे नाव आता जगात कोठेही वाचता येते.

आणि हे फक्त आपलेच आहे असे समजू नका. चीन देशात वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला कंदिलांचा सण असतो. तिथल्या काही भागांत खेडूत मंडळी रंगीत कंदील घेऊन गातात, नाचतात, सोंगे आणतात. कामासाठी तिथली तरुण मंडळीही शहरात जातात आणि म्हाताऱ्यांची गाणी मागे राहतात. २००६ साली चीन सरकारने अशा काही कंदिलाच्या खेळांची नोंद देशाच्या वारशात केली. आपला गोंधळी दिवटी धरतो, चिनी शेतकरी कंदील धरतो. अंधार सगळीकडे सारखाच, आणि चार माणसे जमली की गाणेही सगळीकडे येते.

वहीत कसे लिहायचे

आता कामाचे बोलू. तुम्हाला अक्षर आले आहे. त्याचा पहिला उपयोग मी सांगतो तो करा. एक शंभर पानी वही घ्या. तिच्यात घरातली, गावातली गाणी उतरवा. कशी उतरवायची, ऐका.

पहिले, ज्याचे गाणे आहे त्याला आधी विचारा. गोंधळी, वाघ्या, शाहीर यांचे गाणे ही त्यांची भाकर आहे. "लिहून घेऊ का?" असे म्हणा. नाही म्हणाले तर गप्प बसा.

दुसरे, गाण्याच्या वर नाव लिहा. कोणी म्हटले, गाव कोणते, माहेर कोणते, वय किती, आणि कोणत्या तारखेला लिहिले. आज वाटते, हे सर्वांना ठाऊकच आहे. तीस वर्षांनी कोणाला ठाऊक नसेल.

तिसरे, गाणे कोणत्या वेळचे ते लिहा. दळणाचे, हळदीचे, पाळण्याचे, भलरीचे की जागरणाचे.

चौथे, जसे म्हटले तसेच लिहा. 'व्हता' म्हटले तर 'व्हता' लिहा. 'न्हाई' म्हटले तर 'न्हाई' लिहा. पुस्तकी करू नका. माझ्यासारखी लाल शाई कोणी काढली तर त्याला माझी गोष्ट सांगा.

पाचवे, अवघड शब्दाचा अर्थ विचारून शेजारी लिहा. खुंटा म्हणजे काय, बुधली म्हणजे काय, मोट म्हणजे काय, हे आपल्या नातवंडांना कळणार नाही. शहाणी पोरे आहेत, पण त्यांनी पाहिलेच नाही.

सहावे, चाल कागदावर येत नाही. म्हणून मोबाइलमध्ये आवाज भरून घ्या. पण मोबाइल बिघडतो, हरवतो. वही ट्रंकेत राहते. दोन्ही करा.

तोंडाने सांगितलेले सगळे आठवेलच असे नाही. म्हणून ओवी आठवेना तर आजीला जात्यावर बसवा. जाते नसेल तर हात जात्यासारखा फिरवायला सांगा. हात फिरू लागला की ओवी येते. माझ्या मावशीच्या बाबतीत मी हे करून पाहिले आहे. खाटेवर बसून तिला एक ओळ सुचत नव्हती. पाटा पुढे ठेवून नुसता हात फिरवला, तर तासाभरात वीस ओव्या झाल्या. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्कामाला येते, तेव्हा दिंडीतल्या बायाही पुष्कळ गातात. वही तिथेही जवळ असू द्या.

शेवटचे

काही जण म्हणतील, याने पोट भरते का? नाही भरत. पण आपण कोण, कुठून आलो, आपल्या आईने काय सोसले, हे ज्याला माहीत नाही त्याला कोणीही काहीही सांगून फसवते. तुम्ही सही करायला शिकलात ते सावकाराने फसवू नये म्हणून. आपले गाणे लिहायला शिका, म्हणजे आपल्या आईबापांना कोणी अडाणी म्हटले तर वही उघडून दाखवता येईल.

दिवाळीपर्यंत प्रत्येकाने निदान पाच गाणी लिहायची. दिवाळीनंतर मी येईन आणि वह्या पाहीन. मार्क देणार नाही. लाल शाई तर मी केव्हाच टाकून दिली.

माझे भाषण संपले. पण वर्ग संपवण्याआधी एक काम राहिले आहे. मागच्या आठवड्यात पाटी कोरी ठेवणाऱ्या आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी वही आणली आहे. वर तारीख घातली आहे, आजींचे नाव घातले आहे, माहेरचे गाव तेवढे राहिले आहे.

आजी, तुमचे माहेर कोणते? सांगा, मी लिहून घेतो. आणि मग एक ओवी होऊ द्या.